दिनू, ड्रॉ घेऊ का रे?

आधीच सांगतो, आत्मे-बित्मे, भास वगैरेंची मी आयुष्यभर टर उडवली आहे. कुणी असलं काही सांगायला लागलं की म्हणायचो, "झोप नीट होते ना तुझी?" आता तुम्ही मला खुशाल विचारा.

गेल्या वर्षीची गोष्ट. दादरच्या एका शाळेचा हॉल, रविवार, दुपारचे चार. बुद्धिबळाची आंतरक्लब टीम स्पर्धा, चार बोर्ड. आमचा गिरगावचा क्लब म्हणजे आम्ही चार म्हातारे. ही मॅच जिंकलो नाही तर टीम बंद करायची, असं बाकीच्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मग मी रविवारी जायचं कुठे? बायको गेली, मुलगी मेलबर्नला… घरात फक्त टीव्ही बोलतो.

आमचा कॅप्टन दिनू, माझा पस्तीस वर्षांचा दोस्त, त्याच्या सहा महिने आधीच वारला होता. तेव्हापासून नावाला कॅप्टन मीच.

समोर माहीमच्या क्लबची कॉलेजातली मुलगी. माझ्या घड्याळात चार मिनिटं उरलेली असताना तिने विचारलं, "काका, ड्रॉ?" दोन बोर्ड संपून एक-एक अशी बरोबरी होती, आणि आमचा नाईक तिसऱ्या बोर्डावरून हसत उठला होता. म्हणजे तो जिंकला, आता माझा अर्धा पॉइंट पुरे — असा माझा हिशोब. टीम मॅचमध्ये ड्रॉ घेण्याआधी कॅप्टनला विचारतात. बोर्डावरची नजर न काढता मी सवयीने विचारलं, "दिनू, घेऊ का रे?"

"नको. खेळ," मागून उत्तर आलं.

आणि मी खेळलो! चार-पाच चालींनंतर डोक्यात उजेड पडला, की आपण विचारलं कुणाला… मागे बघायचा धीरच होईना. जिंकलो कसा, देव जाणे.

नंतर नाईक म्हणाला, "अरे, हरलेला गेम ड्रॉ झाला, म्हणून हसत होतो मी!" म्हणजे माझा ड्रॉ पुरलाच नसता. टीम मोडली असती.

स्कोअरशीटवर सही करताना मुलीने विचारलं, "काका, तुमचे ते सर गेले? चष्मा डोक्यावर ठेवलेले?"

दिनूचा चष्मा कायम डोक्यावरच असायचा. मी पेन खाली ठेवलं. "कधी गेले?"

"आत्ताच. तुम्ही मागे बघाल म्हणून थांबले होते बहुतेक… बराच वेळ."

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. टीम टिकली, दर रविवारी खेळतो. पण घाबरलो रे दिनू… तुला घाबरलो मी!