पहिला ट्रे बाईंचा

सुंदराबाईंच्या घरात एक नियम होता आणि बावीस वर्षांत तो कुणी मोडला नव्हता. दसऱ्यानंतरच्या रविवारी पेरूचे गोड रोल भाजायचे आणि पहिला ट्रे सरोजिनीबाईंकडे पोचवायचा. तो पोचेपर्यंत घरातल्या कुणी रोलला हात लावायचा नाही. खुद्द सुंदराबाईंनीसुद्धा नाही.

रोल त्या खडकीला शिकल्या. छावणीतल्या मुलींच्या शाळेत गृहविज्ञानाच्या स्वयंपाकघरात त्या मदतनीस होत्या. नवरा रामदास दारूगोळा कारखान्यात होता, राहायला क्वार्टर होतं. शाळेतल्या म्हाताऱ्या सिस्टर मूळच्या गोव्याच्या. बोलायच्या कमी, चुकलं की लाकडी चमचा टेबलावर आपटायच्या. यीस्ट कोमट दुधात कसं फुलवायचं, मैदा कानाच्या पाळीसारखा मऊ होईपर्यंत कसा मळायचा, पेरूचा गर साखर-लिंबात आटवून लाटलेल्या पोळीवर कसा पसरायचा, त्याची वळकटी करून दोऱ्यानं कशी कापायची, हे सगळं त्यांनी सुंदराबाईंना शिकवलं. पाऊस सरला, आश्विनातलं ऊन तापायला लागलं आणि पेरूच्या पाट्या आल्या की सिस्टर ओव्हन लावत. सिस्टर गेल्या, पण तो हात सुंदराबाईंकडे राहिला.

सरोजिनीबाई त्याच शाळेत गणिताच्या. नारायण पेठेतून बसनं यायच्या, कडक इस्त्रीची साडी, डाव्या मनगटावर घड्याळ, एक मिनिट उशीर नाही. प्रज्ञेश दहावीला गेला त्या वर्षी रामदास वारले. मुलाचं गणित कच्चं आणि क्लास लावायची ऐपत नाही. सुंदराबाई स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. सरोजिनीबाईंनीच विचारलं, "मुलगा दहावीला ना तुमचा? पाठवा त्याला माझ्याकडे शनिवारी आणि रविवारी. फी वगैरे काही काढायची नाही."

प्रज्ञेश वर्षभर नारायण पेठेत गेला. गणितात शंभरात शहाण्णव पडले. पुढे तो इंजिनियर झाला आणि आता खराडीला एका कंपनीत चांगल्या जागेवर होता. बाराव्या मजल्यावरच्या त्याच्या घरात सुंदराबाईंना स्वतंत्र खोली होती. देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली रामदासचा. सुंदराबाईंच्या मते हे सगळं त्या शहाण्णवातून आलं होतं.

त्या दहावीच्या वर्षीच दसऱ्यानंतर त्यांनी पहिल्यांदा रोल नेऊन दिले. सिस्टरांच्या कृतीत अंडं होतं. बाईंना चालणार नाही म्हणून सुंदराबाईंनी अंडं काढून दही घातलं. तीनदा फसले, चौथ्यांदा जमले. तेव्हापासून घरातले सगळेच बिनअंड्याचे रोल खात आले. डबा स्टीलचा, झाकणावर सुंदराबाईंचं नाव कोरलेलं. तो दर वर्षी लख्ख घासून परत यायचा आणि रिकामा कधीच नाही. आत वाटीभर साखर असायची. ती साखर सुंदराबाई आधी सगळ्यांच्या चहात घालायच्या, मगच बरणीतली काढायच्या.

प्रज्ञेश मात्र त्यांच्याबरोबर कधी गेला नाही. दर वर्षी काही ना काही काम निघायचं. गेल्या वर्षी सुंदराबाई भडकल्या होत्या.

"ज्या बाईनं तुला उभं केलं तिच्या पाया पडायला वेळ नाही तुला? कृतघ्न आहेस तू."

"असेन," एवढंच तो म्हणाला आणि लॅपटॉप उघडून बसला. दोघं चार दिवस बोलले नव्हते.

या वर्षी पावसानं उशिरापर्यंत झोडपलं. पेरू आले ते पाणचट, दोन दिवसांत डागाळणारे. सून पूर्वा म्हणाली, "आई, सीताफळ घाला ना या वेळी. सासवडची मस्त आलीयेत, सीझन पण आहे."

श्रावणात फोनवर सरोजिनीबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, सीताफळाला तोड नाही. सुंदराबाईंना ते आठवलं. शनिवारी दुपारभर बसून त्यांनी दोन डझन सीताफळांच्या बिया काढल्या. रविवारी पहाटे गर पातेल्यात घातला, साखर घातली आणि चांगला आटवला. सीताफळाची बासुंदी त्या नेहमी गार दुधातच करायच्या, गर विस्तवावर कधी चढवला नव्हता. पण रोलचं पातेलं समोर आलं की हात पेरूच्या सवयीनं चालायचा, तसाच चालला. पहिला ट्रे भाजून निवला, डब्यात भरला आणि त्या रिक्षानं नारायण पेठेत देऊन आल्या. सरोजिनीबाईंनी दारातच डबा घेतला, आत पाहुणे आहेत म्हणाल्या.

घरी येऊन दुसरा ट्रे काढला. पूर्वानं पहिला घास घेतला आणि ती सिंककडे धावली.

"आई, काय झालंय याला?"

सुंदराबाईंनी तुकडा तोंडात घातला. जीभ आक्रसली. कडू जहर. काढ्यासारखं, घशाच्या खालपर्यंत. आणि एकदम त्यांना कळलं की आपण काय केलं. सीताफळाचा गर शिजवला की कडवट होतो. चाळीस वर्षं ओव्हनपुढे उभी राहिलेली बाई, आणि हे विसरली.

त्यांनी लगेच फोन लावला. माफी मागायला तोंड उघडलं, त्याआधीच पलीकडून आवाज आला.

"अहो सुंदराबाई, काय सुरेख झालेत! अगदी नेहमीसारखे. आमोदनं तर उभ्याउभ्या दोन खाल्ले."

आमोद म्हणजे बाईंचा मुलगा. सुंदराबाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"हॅलो? आहात ना?"

"हो बाई. आवडले ना? बरं झालं."

दिवसभर त्या स्वतःची समजूत घालत राहिल्या. बाई मोठ्या मनाच्या. एवढ्या लांबून म्हातारी घेऊन आली, तिला कशाला दुखवा, म्हणून बोलल्या असतील. मुकाट्यानं खाल्ले असतील. असंच असणार. असंच असायला हवं होतं. नाहीतर बावीस वर्षं त्या काय पोचवत होत्या आणि कुणाला?

संध्याकाळी त्यांनी पूर्वाला तीन दुकानं फिरवून चांगले पेरू आणवले. सोमवारी सकाळी पेरूचे तेरा रोल भाजले. एक चाखून पाहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच नियम मोडला. रोल उत्तम होता. कापडात गुंडाळून पिशवीत घालून त्या निघाल्या.

नारायण पेठेतल्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दीपमाला भेटली, बाईंकडे धुणीभांडी करणारी. दर वर्षी डबा घासून ठेवणारी हीच.

"मावशी, बरं झालं भेटलात! या वेळी काय घातलंत हो रोलमध्ये? पोरांनी थुंकूनच टाकले. कडूशार. दर वर्षी अशी वाट बघतात, दसरा झाला की विचारतात, आजीचे रोल आले का."

सुंदराबाईंनी कठडा धरला.

"दर वर्षी तुझ्या घरी येतात?"

"मग! मी कामाला लागले तेव्हापासून. सात वर्षं झाली. डबा आला तसा बाई माझ्याकडे देतात, त्यांना गोड चालत नाही ना. का हो, काही..."

"काही नाही. माझीच चूक झाली. गर शिजवला मी." त्यांनी पिशवीतून कापडाची गुंडाळी काढली, सहा रोल तिच्या पदरात घातले. "हे पेरूचे आहेत. पोरांना सांग, आजीनं पाठवलेत."

उरलेले सहा घेऊन त्या वर गेल्या.

सरोजिनीबाई पेपर वाचत बसल्या होत्या. "अरे, आज परत? या या. डबा तयारच आहे तुमचा." डबा गॅलरीच्या दाराशी, चपलांच्या कपाटावर होता. इतकी वर्षं तो तिथेच असायचा. सुंदराबाईंनी आज तो पहिल्यांदा नीट पाहिला. चहाचे कप आणि लाडूंची बशी मात्र आतल्या टेबलावर होती.

"कालचे नेहमीसारखे नव्हते बाई," त्या म्हणाल्या, "म्हणून ताजे आणलेत. गरम आहेत. एक खा ना आत्ता."

"आत्ता कुठे हो? ठेवा तिथे. संध्याकाळी आमोद आला की चहाबरोबर खाऊ."

"अर्धा खा."

"अहो, आणि आमच्याकडे अंड्याचं नाही चालत. तुम्हाला ठाऊकच आहे."

"अंडं नाही. दही आहे. पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

"हो का? माझ्या लक्षात नाही राहिलं."

"कालचे कडू झाले होते बाई. विषासारखे. आमोदनं दोन खाल्ले ना? काही म्हणाला नाही तो?"

पेपरची घडी घालायला सरोजिनीबाईंना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. घडी चार वेळा सारखी केली, मग चष्मा काढला.

"सुंदराबाई, कशाला उकरून काढता? आमच्या सासूबाई होत्या तोवर घरात पद्धत होती. पुढे तशीच पडली. मनात काही नव्हतं माझ्या. प्रज्ञेशला मी शिकवलं, याच खोलीत, वर्षभर. तेव्हा बघितलं का मी काही?"

"नाही बघितलं."

"मग?"

"म्हणूनच बावीस वर्षं येतेय ना."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. सुंदराबाईंनी एक रोल कापडावर ठेवून पुढे सरकवला. सरोजिनीबाईंनी हात पुढे केला, रोलचा एक पापुद्रा तोडला आणि दोन बोटांत धरून ठेवला. त्या शिक्षिका होत्या, आपल्याकडे कुणी बघत असल्याचं त्यांना कळायचं. बोटं तोंडापर्यंत गेली नाहीत. पापुद्रा कापडाच्या कडेला परत ठेवला गेला, अगदी हलके, आवाज न करता.

"पोट बरं नाही हो माझं कालपासून," त्या म्हणाल्या.

"जपा."

सुंदराबाईंनी कापड गुंडाळलं. डबा उचलला, झाकण उघडलं, आतली साखर चपलांच्या कपाटावरच्या वर्तमानपत्रावर ओतली. नीट, एक दाणा खाली पडू न देता.

"अहो, हे काय? रिकामा डबा नेतात का कधी?"

"नेतात," सुंदराबाई म्हणाल्या. "येते मी."

खराडीला पोचेपर्यंत दुपार झाली. प्रज्ञेश त्या दिवशी घरून काम करत होता. आईनं ओट्यावर डबा ठेवला तेव्हा त्यानं झाकणाच्या आत नजर टाकली आणि कानातले इयरफोन काढून ठेवले.

"साखर नाही दिली?" पूर्वानं विचारलं.

"मीच नको म्हटलं."

"आणि रोल? काय म्हणाल्या बाई?"

सुंदराबाईंनी नळ सोडला, डबा धुवायला घेतला. डबा स्वच्छच होता. "आवडले म्हणाल्या," त्या म्हणाल्या.

पूर्वा आत गेल्यावर प्रज्ञेश ओट्याशी येऊन उभा राहिला.

"आई, राहू दे. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पहिल्या वर्षी मी तिथेच होतो. प्रमेय सोडवत बसलो होतो. तू डबा देऊन खाली उतरलीस आणि त्यांनी तो मागच्या दारानं कामवालीला दिला. माझ्यासमोर. मी मान खाली घालून लिहीत राहिलो."

नळ वाहत होता. सुंदराबाईंनी तो बंद केला नाही.

"बावीस वर्षं मला तिथे जाऊ दिलंस? मी तुला कृतघ्न म्हटलं तरी बोलला नाहीस?"

"त्या वर्षी बोललो असतो तर तू मला परत तिथे पाठवलं नसतंस," तो म्हणाला. "आणि मला गणित शिकायचं होतं. नंतर बोलायला तोंड उरलं नाही."

त्यानं हात लांबवून नळ बंद केला. सुंदराबाईंनी कापड सोडलं. सहा रोल होते, एकाचा पापुद्रा निघालेला. तोच त्यांनी उचलला, मुलाच्या हातात दिला आणि तो खाईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. त्यानं तो सगळा खाल्ला, बोटांना लागलेला गरसुद्धा. चांगला झालाय, असं तो म्हणाला नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.