शिक्का नांदेडचा

उदगीर स्टेशनावर त्या दिवशी तुम्ही सगळे, आपली अख्खी गल्ली, लोटला होतात. हलगी होती, हार होता आणि माझ्या ट्रंकेत वर्षभराचं सामान होतं. दिल्लीतल्या एका मोठ्या विद्यापीठानं मला फक्त मुलाखतीला बोलावलं होतं. गुरुजींनी पत्र वाचून तसं नीट सांगितलंही होतं. पण मोंढ्यात धान्य मोजणाऱ्या मापाड्याचं, म्हणजे माझ्या आबांचं, गणित सरळ: "बोलावलंय म्हंजी घेतलंच की. बोलावून कुणी उपाशी परत धाडत न्हाई." तुम्हाला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं.

बोलावून परत धाडलं. फलकावर यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं. तीनदा वाचली, मग टंकायची चूक असेल म्हणून आत जाऊन विचारलं. कारकुनानं मान हलवली आणि पुढच्याला हाक मारली. रडू आलं नाही, डोकंच बंद पडलं होतं. ट्रंकेवर बसून एकच विचार चालला होता, की तो हार आता कुणाला परत करायचा.

उदगीरला यायचा धीर झाला नाही. हैदराबादेत नांदेडची गाडी धरली आणि मावशीच्या दारात उभी राहिले. मावशी सरकारी दवाखान्यात नर्स, एकटीच राहायची. ती म्हणाली, "मी आपणहून सांगणार न्हाई. पर कुणी ईचारलं तर खोटंबी बोलणार न्हाई."

कुणी विचारलंच नाही. दुपारभर मी वाचनालयात बसून पुढच्या वर्षाची तयारी करत होते आणि महिन्याला एक अंतर्देशीय पत्र घरी टाकत होते. दिल्लीची थंडी, वसतिगृहातली पोळी, नसलेल्या मैत्रिणी. इथं पत्रं गहाळ होतात, उत्तर मावशीकडं टाका, ती पुढं पाठवील, असंही ठोकून दिलं. आबांचं उत्तर दोन ओळींचं असे. पाऊस न्हाई. मोंढ्यात पोतं येईना. अभ्यास कर. थाप खपली म्हणून बरं वाटे आणि लगेच स्वतःची लाज वाटे. त्या दुष्काळात त्यांच्या हाताला काम नव्हतं, आणि मी गोदावरीकाठी बसून त्यांना दिल्लीचं धुकं पुरवत होते.

मग एक दिवस जाड पाकीट आलं. आत विद्यापीठाचा नवा कोरा फॉर्म. आबांनी गुरुजींकडून इंग्रजीत लिहून घेऊन तो मागवला होता. सोबत चिठ्ठी:

"पोत्यावरचा शिक्का आधी बघायचा, माल मागून. तुझ्या पहिल्या पत्रापासून शिक्का नांदेडचा हाय. फारम भर. जिल्हा लातूर लिही, आपला जिल्हा बदललाय."

पोत्यावरचा शिक्का बघून कुठला माल ते सांगण्यात ज्याची हयात गेली, त्याच्यापुढं मी पोस्टाचा शिक्का विसरले होते. माझी सात पत्रं त्यांनी वाचली होती, सातही वेळा 'अभ्यास कर' लिहिलं होतं. दिल्लीचा नकार त्यापुढं काहीच नव्हता. त्या चिठ्ठीच्या धक्क्यातून मी आजही पुरती सावरलेले नाही.

फॉर्म भरला. पुन्हा बोलावणं आलं. जाण्याआधी चार दिवस मी घरी आले, तुम्हाला वाटलं सुट्टीवर आलेय. कुणी दिल्लीचं विचारलं की आबाच मधे पडायचे, "दमलीय ती, मागून सांगंल." स्टेशनावर या खेपेला आम्ही दोघंच होतो. गाडी हलली तेव्हा खिडकीबरोबर चालत ते एवढंच म्हणाले, "न्हाई घेतलं तर हिकडं ये. नांदेडला नगं जाऊ."

घेतलं. मग इथं दिल्लीतच नोकरी, इथंच फ्लॅट. आबा गेले, गल्लीतली निम्मी घरंही पुण्या-हैदराबादला गेली. तुमच्या पोरांनाही नकार येत असतील, आता ते फोनवरच येतात. म्हणून आज हे सगळं तुम्हाला लिहितेय.

आबा गेल्यावर आईनं एक गोष्ट सांगितली. त्या वर्षी ते रोज स्टेशनावर जाऊन बसायचे. मोंढा बंद, वेळ जात नसेल, असं तिला वाटायचं. दिल्लीची माणसं हैदराबादेच्या गाडीनं येतात. आबा परभणीकडून येणाऱ्या गाडीला जायचे. नांदेडची माणसं तिच्यातून उतरतात.