मेंदीची कॅसेट

आमच्या छावणी भागातल्या मुसलमान घरांत मेंदीच्या दिवशी बायकांच्या खोलीत पुरुष कॅमेरावाला जात नसे. तिथं कॅमेरा घेऊन लुबनाआपा जायच्या. त्यांचा रिवाज पक्का होता: बायकांची कॅसेट घरच्याच बाईच्या हातात द्यायची, दुकानात ठेवायची नाही.

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहून इंजिनिअरिंग शिकत होते. तो २०१३चा उन्हाळा. शहराबाहेर शेंद्र्याकडे नवे कारखाने उभे राहत होते आणि आमच्या गल्लीतले नळ कोरडे पडले होते. एके सकाळी शेजारच्या जैतुनखाला ओढणीत गुंडाळलेली छोटी कॅसेट घेऊन आल्या.

खालांशिवाय गल्लीत कधी मेंदी झाली नव्हती. ढोलक त्यांची, गाणी त्यांची. पण गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज गेला, कुजबुज तेवढी उरली. त्यांच्या धाकट्या मुलीची, मुबीनाची मेंदी तोंडावर आली होती आणि ती गाणी दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. सात-आठ वर्षांपूर्वी थोरलीच्या मेंदीत खाला मनसोक्त गायल्या होत्या. पण त्या लग्नाची डिस्क बनवताना मिक्सिंगवाल्यानं, तेव्हा सगळेच करायचे तसं, मूळ आवाज पुसून सिनेमाची गाणी चढवली. खालांचा आवाज आता फक्त या कॅसेटमध्ये होता.

"दुकानवाला म्हणतो, खराब झाली. नुसते चौकोन दिसतात," खाला कुजबुजल्या.

"खराब नाही, खाला," आपा म्हणाल्या. "तासाच्या कॅसेटमध्ये दीड तास मावावा म्हणून मी टेप हळू चालवली होती. अशी कॅसेट ज्या कॅमेऱ्यानं भरली, त्याच्यातच नीट वाजते."

"आणि तो कॅमेरा?"

"आहे ना. माझ्यासारखाच, कुरकुरत चालतो."

कॅमेरा खरंच म्हातारा होता. कधीही टेप गिळेल अशी अवस्था. आपांनी तो तारेनं संगणकाला जोडला आणि बंद करायच्या बटणावर बोट ठेवून बसल्या. दीड तासाची टेप संगणकात उतरायला दीड तासच लागतो, घाई चालत नाही. पडद्यावर चौकोन नव्हते. तेव्हाच्या धडधाकट जैतुनखाला ढोलक मांडीखाली घेत होत्या.

तेवढ्यात टँकर आला. गल्लीभर घागरी वाजल्या. आपा हलल्या नाहीत.

समोरच्या दगडाबाई दारातून ओरडल्या, "लुबना, पाणी घे की! त्या पिच्चरवर तहान भागती व्हय?"

"तुम्ही भरा, मावशी. मी उठले तर टेप जाईल."

"लई खुळी बाई हाय ही!" म्हणत दगडाबाईंनी आपांच्याही दोन घागरी उचलल्या.

टेप सुखरूप उतरली. मग आपांनी डिस्कचं काम धरलं. बाकीचे डिस्कवाले तीन तासांचं लग्न एका डिस्कमध्ये कोंबायचे, म्हणून चेहरे मेणासारखे दिसायचे. आपांनी एका डिस्कवर ही एकच मेंदी ठेवली. पहिल्या फेरीत संगणकानं फक्त पाहिलं, हालचाल कुठं जास्त आहे ते. दुसऱ्या फेरीत न हलणाऱ्या मागच्या भिंतीला डिस्कवरची थोडी जागा दिली, ढोलकवरच्या बोटांना भरपूर. मी हे वर्गात शिकले होते, गणितासकट. पण डिस्क लावल्यावर ती बोटं अशी स्वच्छ दिसली, की मी पडद्याजवळ सरकले. कुठं थरथर नाही, कडेला करवतीसारखे दाते नाहीत. एका अंगठीचा खडासुद्धा चमकत होता.

मुबीनाच्या मेंदीला खोली बायकांनी भरली. डिस्क सुरू झाली आणि टीव्हीतून तो आवाज आला: भरलेला, थोडा खट्याळ, खोलीच्या भिंतींत न मावणारा. खालांनी आधी तोंडावर पदर धरला. मग ढोलक ओढली आणि स्वतःच्याच गाण्याला ठेका धरला. एक ठोकाही मागंपुढं नाही. मुबीना मेंदीचे हात आवरत ओळी पाठोपाठ म्हणू लागली.

कोपऱ्यातल्या दोन पोरी मात्र कुजबुजत होत्या. खालांनी ठेका न सोडता डोळे वटारले आणि उरल्यासुरल्या आवाजात दरडावलं,

"चूप बैठो गे! मैं गा रही ना!"