बाहीवरची भाकर

आमचे हे निजामाच्या पलटणीत शिपाई होते. त्यांच्या गरम कोटाच्या बाहीवर पिवळ्या कापडाचा चौकोन होता आणि त्यात पांढरा गोल. सासूबाईंना ती भाकर वाटली. यांनी सांगितलं की तो कुलचा आहे, निजामाच्या मूळपुरुषाला एका फकिरानं कुलचे खाऊ घातले, राज्य मिळेल म्हणाला, म्हणून तो निशाणावर आला.

"मंग भाकरच की," सासूबाई म्हणाल्या.

दसऱ्याला हे रजेवर असले की विळे-कुऱ्हाडीशेजारी कोट मांडून त्या भाकरीला कुंकू लावायच्या. पलटणीत जमादार त्या डागावरून यांना बोलायचा. मग रजा संपायच्या आत मी चौकोन उसवायचा, धुवायचा, पुन्हा शिवायचा. वर्षानुवर्षं हेच.

हिंदुस्थानची फौज आली, पलटण मोडली, हे घरी आले. चौकोन मी शेवटचा उसवला. खालचं कापड नव्यासारखं गडद निघालं, बाकी कोट उन्हानं विटलेला. त्या दिवसांत निजामाची खूण कुणी ओळखली, तर हा साधा शिपाई होता की रझाकार, हे विचारायला कोण थांबणार? थंडी तर पडली होती. घरात घोंगडी एकच, ती सासूबाईंना लागायची.

मी बाभळीची साल उकळून कोट रंगवला. वाळला तेव्हा कोट काळसर आणि चौकोन त्याहून काळा. माझे हातही आठवडाभर काळे होते. पहाटेच्या थंडीत हे कोट अंगात न घालता काखेत गुंडाळून मंठ्याच्या बाजाराला चालत गेले आणि ताप घेऊन आले.

सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून माझ्यापुढं टाकला.

हे पडल्या पडल्या म्हणाले, "बाईचं कापड बाहीवर? लोक हासतील."

"राजाची भाकर इतकी वर्षं मिरवली, आन् मायचं लुगडं जड झालं व्हय? हासू दे. हासणारा मारत न्हाई."

मी तुकडा लावला. पुन्हा उसवायची ताकद माझ्यात नव्हती, म्हणून दुहेरी दोऱ्यानं शिवला. पुढच्या बाजाराला हे कोट अंगात घालून गेले. कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी दसरा आला तेव्हा सासूबाईंनी विळे मांडले. कोट मागितला नाही.