चिखलाचे टायर की सडकेचे?

“दादा, ठेव तो खाली! आपल्याला ट्रॅक्टर थोडीच चालवायचाय?” टायरच्या दुकानात धाकटी बहीण ओरडली.

भैरवगढला तिचा चादरी छापायचा कारखाना आहे. उद्या पहिली मोठी ऑर्डर पिकअपनं पोचवायची आहे. मागच्या महिन्यात गाडी कारखान्याजवळच्या चिखलात फसली होती. म्हणून मी खोल खाचांचे, रुबाबदार टायर निवडले.

“चिखल फक्त आपल्या गल्लीत आहे. बाकी सगळी पक्की सडक. तिथं हे लवकर झिजतील.”

दुकानदार हसला. “भैया, दीदी की बात में दम है.”

शेवटी दोन्हीकडे चालणारे, मध्यम खाचांचे टायर बसवले. तुम्ही असता तर काय घेतलं असतं?

सकाळची भर: रात्री पाऊस झाला. गल्लीत गाडी एकदा घसरली, मग निघाली. चादरी वेळेवर पोचल्या.