नवऱ्याला नोकरी लावणारे एजंट

अठरा जानेवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. बारामतीच्या आमच्या विमा शाखेत एक ट्रकचालक अर्जावर सही करण्यासाठी वाकला आणि शेजारी उभ्या असलेल्या आमच्या एजंट आबांनी त्याच्या बोटांतून पेन काढून घेतले.

"वाचलं का?"

"न्हाय, आबा."

"मग सही कशावर करतूस? बस तितं. वाच. न्हाय कळलं तर इचार, लाजू नगंस."

इतर एजंट पेन पुढे करीत. हे काढून घेत. आपण असा एजंट पाहिला नसेल. मीही उभ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. ते मूळचे लोणी भापकरचे. पुष्कळ वर्षे स्वतः ट्रक चालवला आणि नजर अधू झाल्यावर या कामात आले. इंदापूरच्या ट्रक अड्ड्यावर टपरीसमोरचा बाक हीच त्यांची कचेरी.

त्या दिवशी ते मला न्यायला आले होते. वालचंदनगरजवळ त्यांच्या एका ग्राहकाचा उसाचा ट्रक कालव्याच्या वळणावर उलटला होता आणि चालकाचा गुडघा कायमचा निकामी झाला होता. भरपाई द्यावी की नाही, याचा अहवाल मी द्यायचा होता. नकार दिला असता तर ट्रक विकावा लागला असता, आणि ट्रकखेरीज त्या घरात पोटापाण्याचे दुसरे साधन नव्हते.

अडचण सांगतो. आमच्या भागात नवा ट्रक हौसेने बायकोच्या नावावर घेतात. पॉलिसीत मालक-चालकासाठी अपघाती संरक्षण असते; परंतु ज्याच्या नावावर गाडी त्याच्याकडेच वाहन चालवण्याचा परवाना असेल, तरच ते लागू होते. इथे गाडी बायकोची, परवाना नवऱ्याचा. म्हणजे संरक्षण दोघांपैकी कोणालाच नाही. कितीतरी घरांना हे ठाऊक नसते. आमच्या या एजंटांना होते. त्यांनी आरंभीच पगारी ड्रायव्हरचा जादा विमा घ्यायला लावला आणि बाईंना बजावले, "आता ह्याला नोकरीवर ठेव. नावाला न्हाय, खरोखर ठेव."

मला हा बनाव वाटला. शाखेच्या जीपमधून जाताना मी तसे स्पष्ट सांगितले.

"बनाव आसंल तर नाकारा, साहेब," ते म्हणाले. "म्या बी तसंच लिहून देतो."

घरी चालक खाटेवर पाय पसरून बसला होता. मी त्याच्या पत्नीस विचारले, "हे आपले कोण?"

"ड्रायव्हर," बाई ताठ मानेने म्हणाल्या.

"आणि नवरा?"

"ते सांजच्याला. गाडी लावल्यावर."

"साहेब, लई कडक हाय मालकीण," खाटेवरून तक्रार आली. "हिच्याच भावाच्या लगनाला मला रजा न्हाय दिली."

"दोन दिस दिली की! चार मागत हुते. ऊस काय थांबतोय व्हय?"

एजंटांनी फाईल माझ्यापुढे सरकवली. तीत नेमणुकीचे पत्र होते, रजेचे अर्ज होते आणि मालकिणीने ड्रायव्हरला दिलेली लेखी ताकीदही होती: 'गाडी मागे घेताना निष्काळजीपणाने अंगणातील नळ मोडला. पुन्हा असे घडू नये.' खाली नवऱ्याची सही. दरमहा पगार त्याच्या खात्यात जमा झाल्याची बँकेची नोंद होती. तारखा मी दोनदा पडताळल्या. मागाहून केलेले काही आढळले नाही.

"पगाराचे काय करता?" मी चालकाला विचारले.

"हिलाच देतो, साहेब."

पगार घरी देणारे नोकरदार मी पुष्कळ पाहिले होते, मीही त्यांतलाच. तिथेच बसून अहवाल लिहिला: भरपाई द्यावी. चालकाने तोंड फिरवून डोळे पुसले. बाई म्हणाल्या, "आता रडताय काय? च्या निवतोय."

एजंटांना जाऊन तीन वर्षे झाली. त्यांच्या बाकावर हल्ली टायरवाला बसतो. त्यांच्याविषयी अधिक लिहिणे मला जमणार नाही. त्या दिवसाचे उरलेले तेवढे सांगतो.

परतताना एका ट्रकवर, उसाच्या मोळ्यांवर, ऊसतोडीची चार माणसे बसलेली दिसली. जीप पुढे घालायला लावून एजंट उतरले.

"खाली उतरा. मालाच्या गाडीवर बसणाऱ्याला इमा न्हाय. तुमी काय ऊस हाय?"

"ऊसच की, आबा," वरून एक म्हातारी ओरडली. "आमचा बी रसच काढत्यात. आन जायाचं कसं? तुमच्या खांद्यावर?"

"साहेबांच्या जीपमदी."

मला कोणी विचारले नाही. चौघे आत आले. माझ्या मांडीवर कोयत्यांचे गाठोडे आले आणि त्यावर एक कोंबडी. जीपमधील आसने तेवढीच होती. एकही माणूस जास्त घेतला असता तर नियम मोडला असता. म्हणून ते स्वतः चढले नाहीत. त्यांनी दार बाहेरून दाबून लावले, नीट बसले का ते ओढून पाहिले आणि समोरून येणाऱ्या इंदापूरच्या एसटीला हात केला.