फुटबॉलच्या मॅचमध्ये आईंना ऐकू आलेली गोष्ट

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं काही मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. आमचं बौद्ध घर, त्यात मी तुर्भ्याच्या एका कंपनीत टायपिस्ट. त्यामुळे हे वाचून कुणी मला ताईत-गंडे सुचवू नयेत. मला फक्त जे झालं ते सांगायचंय, कारण इतकी वर्षं कुणी ते धड ऐकूनच घेतलेलं नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही वाशीला नव्या कॉलनीत राहत होतो... तळमजला, दोन खोल्या. घरात मी, आमचे हे आणि माझ्या सासूबाई. आई महाडकडच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं आणि दोन्ही कानांनी जवळजवळ बहिऱ्या. सासरे गेल्यापासून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. जेवायला या म्हटलं की येत, चहा दिला की घेत. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून मी 'हं'च्या पुढे फारसं काही ऐकलं नव्हतं.

शेजारी नसीमभाभी. माणसं मूळची उरणची. नवरा अन्वरभाई आखातात, म्हणून त्यांच्याकडे रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर. तिकडच्या टीव्हीवरची एक इंग्रजी मालिका अन्वरभाईंनी रेकॉर्ड करून पाठवली होती. एक चेटकीण आणि एक रक्त पिणारा, मेलेला तरी हिंडणारा तरुण... त्यांचं प्रेम. शनिवारी माझा हाफ डे, म्हणून दुपारी आम्ही दोघी बघायचो. आईंना एकटं कुठे ठेवायचं, म्हणून त्यांनाही नेऊन बसवायचे.

इंग्रजी फार भरभर. मला दहातलं एखादं वाक्य कळायचं, नसीमभाभीला तेवढंही नाही. दुसऱ्या शनिवारी आम्ही अशाच अंदाज बांधत होतो, आणि मागून आवाज आला.

"तो तिला बोलतोय, माज्यासाठी दिवा लावून ठेवू नको. मला उजेडाचा त्रास हाय."

आई बोलत होत्या.

मी कॅसेट मागे घेतली, सेटला कान लावून तीनदा ऐकलं. दिवा, उजेड, त्रास... बरोबर होतं.

मग मला चैनच पडेना. पुढच्या शनिवारी मी आवाज पूर्ण बंद केला. आई सांगतच राहिल्या. ओठांवरून ओळखत असतील म्हणावं, तर एका प्रसंगात पडद्यावर नुसतं बंद दार होतं, बोलणारी माणसं आत. तेही त्यांनी सांगितलं. मी नंतर आवाज लावून पडताळलं, वहीत लिहून काढलं, डिक्शनरी बघितली. चूक सापडली नाही.

"आई, तुम्हाला हे कळतं कसं?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "बोलतात ती. तुमाला नाय का ऐकायला येत?"

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तूच घरी बडबडत असशील, तिनं ते उचललं." जिला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, तिनं माझी बडबड उचलली! मी म्हटलं, शनिवारी येऊन बघा. ह्यांना कधी वेळ झाला नाही.

शेवटची कॅसेट लावली तर सुरुवातीचा थोडा भाग झाला आणि मध्येच फुटबॉलची मॅच. तिकडे अन्वरभाईंच्या खोलीत राहणाऱ्या कुणीतरी त्यावरच रेकॉर्ड केलं होतं. नसीमभाभी वैतागून उठली. "इतके शनिवार फुकट गेले!"

आई मात्र पडद्याकडे बघत होत्या. मैदानावर माणसं धावत होती आणि त्या हळू आवाजात सांगत होत्या... ती त्याला माणूस करू शकते, पण मग तिला त्याची आठवण राहणार नाही. ती ते करते. दुसऱ्या दिवशी तो उन्हात, बाजारात तिच्यासमोर उभा राहतो.

"ती इचारते, तुमी कुठले? याआधी पायलं नाय तुमाला. मंग तो बोलतो..."

आणि मला राहवलं नाही. मी त्यांचा खांदा धरला. "आई, हे कुठे दिसतंय तुम्हाला? ही मॅच आहे!"

त्या थांबल्या. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि घरी चला म्हणून खूण केली.

अन्वरभाई दोन महिन्यांनी सुट्टीवर आले. त्यांनी मालिका तिकडे पूर्ण पाहिली होती. मी शेवट विचारला. चेटकीण विसरते, तो माणूस होतो, बाजार, ऊन, 'तुम्ही कुठले'... शब्द न् शब्द तोच. मी नसीमभाभीकडे वळले, म्हटलं, सांग ना यांना, आईंनी हे आधीच सांगितलं होतं. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आमी गप्पा मारत होतो. मला नीट आठवत नाय."

तिला आठवत होतं. घरात असल्या विषयांवर बोललेलं अन्वरभाईंना चालायचं नाही, एवढंच. पण माझी एकुलती एक साक्षीदार गेली. माझ्या वहीत त्या शेवटच्या दुपारचं काही लिहिलेलं नव्हतं, कारण पडताळायला आवाजच नव्हता.

"मग तो काय उत्तर देतो?" मी अन्वरभाईंना विचारलं.

"कोण?"

"ती विचारते ना, तुम्ही कुठले..."

"काही नाही. तिथेच संपते. तो नुसता उभा असतो."

पण आई म्हणाल्या होत्या, 'मंग तो बोलतो'. काय बोलतो? मी त्यांना कितीदा विचारलं. जेवताना, वेणी घालताना, कानाशी ओरडून. त्या पुन्हा 'हं'वर गेल्या होत्या. दीड वर्षाने वारल्या.

बहिऱ्या, निरक्षर बाईला परकी भाषा कशी कळली, पुसलेला शेवट कुठून ऐकू आला... डॉक्टरांपासून सगळ्यांना विचारून झालंय. उत्तर नाही, आणि आता मिळेल असंही वाटत नाही. त्याचा त्रास होतोच. पण खरा राग येतो तो माझाच. तीन वर्षांनी ती बाई आपणहून बोलायला लागली होती, आणि मी प्रत्येक शनिवारी तिची परीक्षा घेत बसले. त्या सगळ्या आठवड्यांत एकदाही मी तिला विचारलं नाही की आई, तुम्हाला ही गोष्ट आवडते का?